गादीवाल्याची पाठ

बकरी ईदच्या सकाळी नजीरभाई खुर्चीसकट कलंडले.

ईदगाहच्या मैदानात आदल्या दिवशी धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलं होतं. कुठे जमीन घट्ट राहिली, कुठे लोण्यासारखी मऊ झाली. मागच्या रांगेत कडेला गुडघ्यांचे आणि पाठीचे रुग्ण आपापल्या खुर्च्या मांडून बसले होते. नजीरभाईंची प्लास्टिकची खुर्ची त्यांचा मुलगा अरशदने स्कूटरवर पुढ्यात धरून आणली होती. नमाज सुरू झाली. सजद्याच्या वेळी सगळ्या मैदानाने कपाळ जमिनीला टेकलं. खुर्चीवाल्यांनी नुसती छाती पुढे झुकवली. नजीरभाई झुकले तसा खुर्चीचा पुढचा पाय मातीत रुतला, आणि ते हळूहळू, अगदी सावकाश, उजवीकडे कलत गेले. पडले नाहीत. शेजारच्या खुर्चीवरच्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने नमाज मोडून त्यांचा दंड धरला.

ऐंशीचा माणूस चोपन्नच्या माणसाला सावरतो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं नजीरभाईंना वाटलं.

परतताना अरशद म्हणाला की पुढच्या वेळी खुर्चीच्या पायांखाली फळी टाकू. पिंप्राळ्याच्या रेल्वे गेटशी स्कूटर थांबली. गेट बंद होतं. मालगाडी जात होती. तिचे सगळे डबे जाऊ देऊन नजीरभाई म्हणाले, "पुढच्या ईदला मी जमिनीवर नमाज पढणार."

पुढची ईद रमजानची. साडेनऊ महिने होते.

पिंप्राळ्यात, मोठ्या रस्त्यापासून आत, किराणा दुकान आणि सायकल दुरुस्तीच्या मधोमध नजीरभाईंचं गादीचं दुकान आहे. घराणं पिंजाऱ्यांचं. वडील खांद्यावर धनुकली टाकून बोदवडच्या आसपासची गावं फिरायचे आणि लोकांच्या अंगणात बसून कापूस पिंजून द्यायचे. नजीरभाईंच्या हाती धंदा आला तेव्हा धनुकली खुंटीला लागली होती, पिंजायचं यंत्र आलं होतं. शिवणकाम मात्र होतं तसंच राहिलं. गादी जमिनीवर. गादीवर कारागीर. डावा गुडघा कापसावर दाबलेला, उजवा पाय दुमडलेला, पाठीची कमान झालेली, आणि वीतभर लांबीचं दाभण खाली जाऊन वर येतंय. टाका ओढताना दरवेळी उजवीकडे हिसका. वडिलांचं एक वाक्य होतं: आधी गुडघा, मग टाका. गुडघ्याचा भार नसेल तर कापूस सैल राहतो आणि वर्षभरात गादीला गाठी येतात. नजीरभाईंच्या गादीला गाठी आल्या, असं पस्तीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी पाठीने कुरकुर सुरू केली. आधी सकाळी उठताना. मग दिवसभर. मग उजव्या मांडीतून पोटरीपर्यंत कळ जायला लागली. डॉक्टरांनी फोटो काढला, गोळ्या दिल्या, कमरेला पट्टा दिला आणि निघताना सांगितलं, आता वाकायचं नाही.

नजीरभाई आज्ञाधारक माणूस. दोन दिवस त्यांनी विचार केला. न वाकता गादी होत नाही. दुकान बंद ठेवता येत नाही. मग वाकणं कमी करायचं कुठे? दिवसातून पाच वेळा नमाज. दर नमाजेत कितीदा तरी रुकू, म्हणजे उभ्याने वाकणं, आणि त्याच्या दुप्पट सजदे. तिथे कपात करता येत होती. अल्लाहने आजाऱ्याला सवलत दिली आहे, गिऱ्हाईक देत नाही. ते खुर्चीवर बसले.

पाठीसाठी त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी गादीवालाच करील. स्वतःसाठी दुप्पट कापसाची गादी भरली. इतकी मऊ की सुगराबींनी, त्यांच्या बायकोने, पहिल्याच सकाळी आपलं अंथरूण खाली ओढलं. यात माणूस झोपतो की बुडतो, असं त्यांनी विचारलं. नजीरभाई बुडतच होते. सकाळी उठायला अरशदला हाक मारावी लागायची.

ईदनंतर चौथ्या दिवशी ते ज्योत्स्ना पावराच्या फिजिओथेरपीच्या केंद्रात गेले. केंद्र दोन गल्ल्या सोडून, औषधांच्या दुकानाच्या वर. ओळख होती. मागच्या वर्षी तिथल्या तपासणीच्या खाटेची गादी नजीरभाईंनीच केली होती. "कडक हवी, बसलं तर दबायला नको," असं तिने तीनदा बजावलं होतं आणि नजीरभाईंना तो आपल्या हुनराचा अपमान वाटला होता.

ज्योत्स्ना अठ्ठावीसची. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची. शिक्षण धुळ्यात झालं. तिची आई गुंताबाई अजून डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरते. ओझं कसं उचलावं हे आपण आधी आईकडे बघून शिकलो, मग पुस्तकात वाचलं, असं ती सांगते.

तिने पाय उचलायला लावले, बोटं दाबायला लावली, टाचांवर चालवलं. जुना फोटो उजेडात धरून पाहिला. मग विचारलं, तुम्हाला काय हवंय?

लोक इथे म्हणतात, दुखणं थांबवा. नजीरभाई म्हणाले, "मला जमिनीवर बसायचंय आणि जमिनीवरून उठायचंय."

नमाजेचं ते बोलले नाहीत. लाज वाटली.

ज्योत्स्ना म्हणाली की शीर दुखावली आहे, पण कापाकापी करावी असं काही नाही. हाडांपेक्षा सवयींचं काम जास्त आहे. गोळीने सवय जात नाही. मग तिने एकेक सांगितलं. ती दुप्पट कापसाची गादी काढा. पट्टा हळूहळू सोडा, पट्टा बांधून पोटाचे स्नायू आळशी झालेत. अर्ध्या तासावर एका जागी बसायचं नाही, उठून दुकानाच्या दारापर्यंत जाऊन या. सकाळ-संध्याकाळ चाला. पाठीवर झोपून गुडघे वर घ्या आणि कंबर उचला, दहा वेळा. आणि वाकायला शिका.

नजीरभाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. वाकायचं नाही ना?

ती म्हणाली, वाकल्याशिवाय कोणी जगतं का? कसं वाकायचं ते शिका.

शिकवायला तिच्याकडे नळाचा पांढरा पाइप होता, चार फुटांचा. तो ती माणसाच्या पाठीला उभा लावायची. डोक्याचा मागचा भाग, पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी पाइप टेकलेला ठेवून वाकायचं. पाठीला बाक द्यायचा नाही, खुब्यातून मोडायचं, जसा दरवाजा बिजागरीत फिरतो. नजीरभाई वाकले की पाठ वर उचलायची आणि पाइप डोक्यापासून सुटायचा. पुन्हा. पुन्हा सुटायचा. बाकावर बसलेले रुग्ण बघत राहायचे.

घरीही त्यांनी तसाच पाइप आणला. रोज सकाळी आरशासमोर उभे राहायचे. नळाची नवी लाइन टाकताय का, म्हणून सुगराबींनी विचारलं. तेवीस दिवस झाले. अर्ध्या तासाने उठणं जमलं होतं. चालणं जमलं होतं. कंबर उचलणं दहावरून वीसवर गेलं होतं. वाकणं मात्र जमेना. पस्तीस वर्षं दाभणामागे गेलेली पाठ पाइपाला ओळखायला तयार नव्हती.

ज्योत्स्ना हट्टी आणि नजीरभाई तिच्याहून हट्टी. चोविसाव्या दिवशी ती म्हणाली, तुम्ही काम कसं करता ते मला बघायचंय. संध्याकाळी दुकानात येते.

ती आली तेव्हा असरची, म्हणजे सूर्यास्ताआधीच्या नमाजेची वेळ होती. दुकानाच्या मागच्या अंगाला, कापसाच्या गाठींच्या आडोशाला, नजीरभाई खुर्चीवर बसून नमाज पढत होते. ती पायरीवर थांबली. ते उठल्यावर तिने विचारलं, खुर्चीवर का?

"डॉक्टरांनी वाकायला मना केलंय ना."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

ती पायरी चढून आत आली. मग म्हणाली, "त्याआधी कसे वाकायचे ते दाखवाल?"

नजीरभाईंना ते बरं वाटलं नाही. नमाज ही दाखवायची गोष्ट नाही. पण पोरगी मस्करी करत नव्हती. ते म्हणाले, नमाज नाही, नुसतं वाकून दाखवतो. मग उभे राहता राहता त्यांनी लहानपणीच्या मौलवीसाहेबांची गोष्ट सांगितली. बोदवडला मशिदीच्या ओट्यावर ते पोरांना नमाज शिकवायचे. रुकूत पाठ अशी सपाट हवी की वर पाण्याची वाटी ठेवली तरी हलू नये, असं म्हणायचे. आणि नुसतं म्हणायचे नाहीत, खरोखर वाटी ठेवायचे. स्टीलची, काठोकाठ भरलेली. ज्याचं पाणी सांडेल त्याने ओटा पुसायचा. नजीरने दोन महिने ओटा पुसला. नंतर कधी नाही.

ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हात गुडघ्यांवर नेले आणि वाकले. मांड्यांच्या मागे ताण आला. ओळखीची कळ येईल म्हणून त्यांनी दात आवळले. कळ आली नाही.

ज्योत्स्नाने कोपऱ्यातली गादी झोडायची काठी उचलली आणि अंगाला हात न लावता त्यांच्या पाठीच्या कण्यावर लांबीने ठेवली. डोकं टेकलं. पाठ टेकली. माकडहाड टेकलं. तिने हात काढून घेतला. काठी तशीच राहिली.

"चाचा," ती म्हणाली, "तेवीस दिवस मी हेच मागतेय तुमच्याकडे."

नजीरभाई तसेच वाकलेले. काठी पडेल म्हणून हलले नाहीत. खालूनच म्हणाले, "म्हणजे मी दोन वर्षं..."

"जे वाकणं बरोबर होतं ते तुम्ही सोडलंत. जे चुकीचं होतं ते ठेवलंत."

तिने काठी उचलली. ते सरळ झाले आणि समोरच्या अर्धवट गादीवर जाऊन बसले. अरशद यंत्र बंद करून बघत राहिला. डॉक्टरांवर चिडावं तर डॉक्टरांनी नमाज सोडायला सांगितलंच नव्हतं. कोणता वाक सोडायचा ते नजीरभाईंनी स्वतःच ठरवलं होतं. दिवसातून पाच वेळा त्यांची पाठ आपोआप शिकत होती आणि त्यांनीच तिची शाळा बंद केली होती.

मग त्यांनी ईदची गोष्ट सांगितली. खुर्ची, माती, तो ऐंशीचा म्हातारा. आणि आपल्याला खरं काय हवंय तेही.

ज्योत्स्ना म्हणाली, रुकू आजपासून सुरू करा. सजद्याची घाई नको. त्याला खुबे, गुडघे, मांड्या, सगळं तयार व्हावं लागेल. चार-पाच महिने तरी लागतील.

"आठ आहेत," नजीरभाई म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी एक नेम केला. दुकानात, घरात, नळावर, जिथे म्हणून खाली वाकायचं तिथे रुकूसारखं वाकायचं. केरसुणी उचलायची तरी तसंच. चप्पल शोधायची तरी तसंच. पाठीचा बाक येतोय असं वाटलं की थांबायचे, पुन्हा सरळ व्हायचे, पुन्हा वाकायचे. दूध आणायला गेले तरी किटलीसमोर असे अदबीने वाकायचे की दूधवाला अवघडून जायचा.

पण गादी काही रुकूत शिवता येईना. तिथे गुडघा, कमान आणि हिसका. ज्योत्स्नाने एक तास बसून पाहिलं आणि सांगितलं, काम वर आणा. कमरेइतकं.

नजीरभाईंनी सुताराकडून लाकडी तख्त करून घेतलं, गादीपेक्षा वीतभर मोठं, कमरेच्या उंचीचं. ते दुकानात ठेवल्यावर यायला-जायला कडेने जागा उरली. पिंजाऱ्यांच्या सात पिढ्यांत कोणी उभ्याने गादी शिवली नव्हती. नशिराबादचे चुलतभाऊ मुद्दाम बघायला आले. धरणगावकडची बेबाबाई लेकीच्या लग्नाच्या गाद्या टाकायला आली होती. ती दारातच थबकली.

"नजीरभाऊ, हाई काय शे? गादीले खाटलावर चढाई दिन्ही आणि तू खाले उभा?"

"पाठीसाठी, अक्का."

"बठ्ठं उलटंच शे तुनं. बसनारा उभा आनि खाले ऱ्हानारी वर झोपेल."

दुकानातले सगळे हसले. नजीरभाईही हसले. दाभण थांबवलं नाही.

हसण्यावर भागलं असतं तर ठीक होतं. महिन्याभराने स्टेशनजवळचे लॉजवाले मोतीलाल मालरिक्षात दोन गाद्या घेऊन आले. तख्तावर शिवलेल्या पहिल्या गाद्या त्या. मोतीलालनी आवाज चढवला नाही. गादीवर पंजा ठेवला, सरकवला, एका जागी थांबवला आणि म्हणाले, "नजीरभाई, हा तुमचा टाका नाही."

गाठी आल्या होत्या. वर्ष तर सोडाच, महिन्यात आल्या होत्या. गुडघ्याचा भार गेला होता. हाताने दाबून तेवढा भार येत नाही.

मोतीलाल गेल्यावर अरशदने दोन्ही गाद्या जमिनीवर पसरल्या. "अब्बा, खाली बसून एका दिवसाचं काम आहे. एक दिवसाने काय होतंय?"

नजीरभाई गादीजवळ गेले. डावा गुडघा टेकला. हात आपोआप दाभणाकडे गेला. इतकं सोपं होतं ते, की त्याचीच त्यांना भीती वाटली. ते उठले.

"आज बसलो तर उद्याही बसेन," ते म्हणाले. "वर ठेव."

आठ दिवस त्या दोन गाद्या तख्तावर उसवून पडल्या होत्या. नजीरभाईंनी विटा ठेवून पाहिल्या, घसरल्या. वाळूच्या पिशव्या ठेवल्या, टाक्याच्या जागी आडव्या आल्या. दगडी पाटा ठेवला, तो सुगराबींनी परत नेला. शेवटी अरशदलाच सुचलं. ट्रकवरचा माल आवळतात तसा रुंद पट्टा तख्ताखालून घेतला, गादीवर दोन फळ्या आडव्या टाकल्या आणि पट्ट्याची कडी फिरवून फळ्या आवळल्या. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत कापूस दगडासारखा घट्ट झाला. नजीरभाईंनी फटीत दाभण घातलं. टाका ओढला. हिसका द्यावा लागला नाही. सरळ वर ओढला. अंगठ्याने दाबून पाहिला. मग मुलाकडे पाहिलं.

"आजोबा असते तर गुडघा सोडला म्हणून आधी रागावले असते," ते म्हणाले. "आणि मग पट्टा मागून घेतला असता."

मोतीलालच्या गाद्या परत गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

नोव्हेंबरात रजयांचा हंगाम सुरू झाला आणि पाठीने एकदा हिशेब चुकता केला. नरडाण्याहून कापसाची गाठ घेऊन टेम्पो आला होता. ड्रायव्हरला घाई. अरशद बाहेर गेलेला. नजीरभाईंनी एक कोपरा धरला, आणि घाईत पस्तीस वर्षांची पाठ पाच महिन्यांच्या पाठीला विचारायला थांबली नाही. कमान झाली, उजवीकडे हिसका बसला. ते तिथेच टेम्पोच्या फाळक्याला धरून उभे राहिले. हलता येईना.

चार दिवस दुकान बंद राहिलं, पहिले दोन अंथरुणात गेले. दुसऱ्या दिवशी सुगराबींच्या तोंडाला कुलूप राहिलं नाही. तीस वर्षांच्या संसारात त्या एवढ्या सलग कधी बोलल्या नव्हत्या. अल्लाह खुर्चीवरचीही नमाज कबूल करतो. मौलाना सांगतात. शेजारी सांगतात. अर्धी मशीद खुर्चीवर बसते. मग तुम्हीच का जिवावर उदार झालात? जमिनीवर डोकं टेका, असं तुमच्याकडे मागितलं तरी कोणी?

"कोणी नाही," नजीरभाई छताकडे बघत म्हणाले. "म्हणूनच."

सुगराबी पाठ फिरवून निघून गेल्या. पण संध्याकाळी ज्योत्स्नाला फोन त्यांनीच केला.

ज्योत्स्ना घरी आली. नजीरभाईंनी तोंड भिंतीकडे केलं. पाच महिने मातीत गेले असं त्यांना वाटत होतं. तिने तसं वाटू दिलं नाही. म्हणाली, दुखणं परत आलं म्हणजे शरीर शिकलेलं विसरलं असं नाही. जूनमध्ये तुम्ही कुशीवर वळायलाही अरशदला बोलवायचात, आज एकटे वळलात. उठा, दारापर्यंत चालू. तिसऱ्या दिवशी ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले. पाचव्या दिवशी दुकान उघडलं. त्या दिवसापासून कापसाची गाठ उचलायला दोन माणसं, आणि टेम्पोवाल्याला घाई असेल तर त्याने परत जावं, असा नियम झाला.

जानेवारीत सजद्याची पाळी आली. ज्योत्स्ना कपाळाखाली काहीतरी उंच ठेवायला शोधत होती. तिच्या केंद्रातल्या उशा एकसारख्या होत्या. नजीरभाई म्हणाले, दोन दिवस द्या. तिसऱ्या दिवशी ते सहा उशा घेऊन आले. चौकोनी, कडक, तिने खाटेच्या गादीला सांगितलं होतं तशा. प्रत्येक फक्त दोन बोटं जाड.

सहाही उशा एकावर एक ठेवून, गुडघ्यांवर बसून, त्यांनी कपाळ वरच्या उशीला टेकलं. फारसं खाली जावंच लागलं नाही. तरी उठायला तीन दमात उठले. दर आठवड्याला एक उशी काढायची, असं ठरलं. कधी आठवड्यात निघाली, कधी नाही. चौथ्या उशीला पंधरा दिवस लागले. डाव्या गुडघ्याने फार छळलं. तोच गुडघा, पस्तीस वर्षं कापसावर दाबलेला. रमजान लागायच्या आदल्या आठवड्यात शेवटची उशी निघाली. खाली चटई होती आणि चटईखाली फरशी.

नजीरभाईंनी कपाळ फरशीला टेकलं. तसेच राहिले. ज्योत्स्ना मनात आकडे मोजत होती, ती मोजायची थांबली.

उशा आता केंद्रातच असतात. बाकीचे रुग्ण वापरतात.

रमजानात व्यायाम सोडायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. दुपारी रोजा अंगावर येतो, म्हणून पहाटेची नमाज झाली की अर्धा तास. कंबर उचलणं, पाइप, उठणं-बसणं. ऊन वाढत होतं. सुगराबी आता अडवायच्या नाहीत. चटई त्याच घालून ठेवायच्या.

ईदच्या दिवशी स्कूटरवर नजीरभाई खुर्ची न घेता बसले. मैदानावर ते मागे, कडेला गेले नाहीत. अरशदबरोबर मधल्या रांगेत उभे राहिले. ईदची नमाज दोन रकातींची, म्हणजे दोन आवर्तनांची. त्यांनी रुकू केला, पाठ सपाट. सजद्यात गेले. डाव्या गुडघ्याखाली खडा आला, तो त्यांनी येऊ दिला. उठले. पुन्हा गेले. पुन्हा उठले. सलाम फिरवून नमाज संपली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की या सगळ्यात आपण पाठीचा विचार एकदाच केला.

पण त्यानंतर खुतबा असतो. इमामसाहेबांचं भाषण, बसून ऐकायचं. त्या दिवशी ते लांबलं. नजीरभाईंनी नऊ महिने खाली जाण्याची आणि वर येण्याची तयारी केली होती. खाली बसून राहण्याची केली नव्हती. दहा मिनिटांत उजवा पाय बधिर झाला. पंधरा मिनिटांत कंबर जड झाली. कडेकडेचे लोक उठून निघाले होते. अरशदने हळूच खूण केली, आपणही निघू या. नजीरभाईंनी मानेनेच नाही म्हटलं. पाय एका बाजूला घेतले, पाठ उंच केली. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला घेतले. पुन्हा गुडघ्यांवर आले. चाळीसेक वर्षांपूर्वी बोदवडच्या ओट्यावरही ते इतके चुळबुळले नसतील. पण उठले नाहीत.

खुतबा संपला. सगळीकडे लोक उभे राहून गळाभेट घ्यायला लागले. रांगेत नजीरभाई एकटे बसलेले उरले. अरशदने हात पुढे केला.

"थांब."

ते एका कुशीवर कलले. डावा गुडघा जमिनीवर, उजवं पाऊल पुढे, पंजा मांडीवर. खुब्यातून पुढे झुकले आणि जोर लावला. उजव्या पायात जीव नव्हता. परत बसले. शेजारचा एक माणूस मदतीला वाकला, तर अरशदनेच त्याला हाताने अडवलं. नजीरभाईंनी पोटरी चोळली. पाऊल चार वेळा आपटलं. पुन्हा गुडघा, पुन्हा पाऊल, पुन्हा पंजा मांडीवर. या वेळी ते वर आले. थोडे डुलले. मग स्थिर झाले.

अरशदला त्यांनी मिठी मारली. तीनदा.

दुपारी शीरखुर्म्याचा डबा घेऊन ते केंद्रावर गेले. ज्योत्स्नाने विचारलं, जमलं का? जमिनीवर केलं? आपलं आपण उठलात?

"उठलो," नजीरभाई म्हणाले. "दुसऱ्या खेपेला." मग डबा तिच्या टेबलावर ठेवून भिंतीजवळची चटई स्वतःच ओढली आणि जमिनीवर पसरली. "पण बसणं राहिलंय. वीस मिनिटं बसता आलं पाहिजे. कसं करायचं ते सांगा."

ज्योत्स्ना म्हणाली, आज ईद आहे चाचा, उद्या या.

तोवर ते चटईवर बसले होते.